चढत्या पाण्याची ओटी

निवृत्त झाल्यावर मी काहीही करणार नव्हते. हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यात निवडणुका केल्या, जनगणना केली, खिचडी शिजवून घेतली, पोरांची नाकं पुसली. आता वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या घरात सकाळी उशिरा उठायचं, चहा कोणीतरी आयता हातात द्यायचा आणि दुपारी पंखा लावून पडायचं, एवढीच माझी मागणी होती. फार नव्हती. पण माझ्यामागून दोन वर्षांनी आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यात नदी शिरली.

समुद्रपूरच्या बाजूला वणा नदीच्या काठावर ह्यांच्या वाट्याला आलेला जमिनीचा एक तुकडा होता. वावर म्हणावं तर तिथं कापूस धड होत नव्हता, कारण दोन-तीन वर्षांतून एकदा नदी येऊन सगळं चाटूनपुसून जायची. ह्यांनी तिथं पत्र्याच्या तीन खोल्या बांधल्या. त्यांना खोली म्हटलेलं ह्यांना चालायचं नाही, केबिन म्हणायचं. चार तंबू लावले, लोखंडी सांगाड्यावर पाण्याची टाकी चढवली आणि रस्त्याला पाटी ठोकली. नागपूरची माणसं शनिवारी येतील, गळ टाकून बसतील, रात्री तंबूत झोपतील आणि तुझ्या हातचं जेवतील, असा बेत होता. ‘तुझ्या हातचं’ हे मला सगळ्यात शेवटी सांगितलं. मी कपाळाला हात लावला. माणसं येणारच नाहीत अशी माझी पक्की खात्री होती, म्हणून मी फार भांडले नाही. आणि मेली माणसं आली की हो. पहिल्याच हिवाळ्यात एक शनिवार रिकामा गेला नाही.

मी चूल, पोळ्या, रस्सा, अंथरुणं, पांघरुणं ह्यात अशी काही अडकले की शाळा बरी होती म्हणायची वेळ आली. शाळेला निदान दिवाळीची सुट्टी असायची.

आमच्या जागेच्या खालच्या अंगाला, अगदी पाण्याच्या तोंडाशी, एका म्हातारीची झोपडी होती. जन्म मासेमारीत गेलेली बाई. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. पुतण्या गावात राहायचा, त्याचा डोंगा आणि जाळी म्हातारीच्या झोपडीपाशी असायची. तो तिला मोठी माय म्हणायचा, मी मावशी म्हणायचे आणि ती मला बाई. मी तिची बाई कधीच नव्हते, ती शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण गावानं एकदा बाई म्हटलं की मरेपर्यंत बाईच. ह्यांच्या पाहुण्यांना मासा कुठं लागेल हे तीच सांगायची. हजारो रुपयांचे रॉड घेऊन आलेले लोक तिच्या बोटाकडं बघत बसायचे, ते पाहून मला बरं वाटायचं.

पहिल्या पावसाळ्यात नदी फुगली, तेव्हा ती एका सकाळी माझ्याकडं आली आणि म्हणाली, नदीची ओटी भरायची आहे, तुमी भरा. पूर आला की नदीची ओटी भरतात हे मला माहीत होतं, आमच्या आईनंही भरलेली. पण मी का? तर म्हणे काठाला सगळ्यात जवळ ज्या सवाष्णीचं घर तिनं भरायची, आणि आता ती मी. नवरा होता तोवर ती स्वतः भरायची. तो गेल्यापासून दर वर्षी गावातून कोणाला तरी बोलावून आणावं लागे, आणि येणारी कुरकुर करत येई.

आता मी पडले शाळामास्तरीण. मी तिला चांगलं झापलं. नवरा मेला म्हणून नदीला तुम्ही चालत नाही, हे कोणी सांगितलं, नदीनं? तुम्हीच भरा, मी नारळ देते. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. शेवटी मीच भरली. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या, सगळं गढूळ पाण्यात सोडलं, नमस्कार केला आणि जायला वळले, तर तिनं माझा हात धरून खाली बसवलं.

तिच्या घरची रीत अशी होती की ओटी भरली की पाणी उतरेस्तोवर काठ सोडायचा नाही आणि पाठ दाखवायची नाही. आलेल्या बाईची ओटी भरायची आणि तिला दारात उभी ठेवून आपण घरात निघून जायचं, हे कसं दिसेल, असा तिचा साधा सवाल होता. नदी काय पाहुणी आहे का, असं मी म्हणणार होते, पण पाऊस थांबला होता, गार वारा सुटला होता आणि माझी कंबर मोडून आली होती. मग बसले. दोन-अडीच तास आम्ही दोघी गोणपाटावर बसलो. पाणी कसं वाचायचं ते तिनं मला दाखवलं. काडीकचरा काठाला घासून चालला की पाणी चढणीवर आहे. तोच कचरा मधोमध निघाला की समजायचं, उतरलं. दुपारी कचरा मधोमध गेला आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली. खरं सांगते, वर्षभरात तेवढाच वेळ मी कुठे निवांत बसले होते. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. ओटी भरली, बसलो, पाणी उतरलं, उठलो.

तिसऱ्या वर्षाचं सांगायचं आहे. पोळा होऊन चार-सहा दिवस झाले होते. वरच्या अंगाला दोन दिवस पावसानं झोडपून काढलं होतं. आमच्याकडे नुसती रिपरिप. मी ह्यांना म्हटलं होतं, ह्या शनिवारी कोणाला बोलावू नका. ह्यांनी ढगाकडं बघितलं, जसं काही ढग ह्यांच्याच बँकेत कारकून होता, आणि म्हणाले, “काई होत नाई वं. तू काऊन घाबरून राह्यली?” नागपूरहून दोन गाड्या भरून माणसं आली. मी सकाळपासून भाकरी थापत होते. गुडघे ठणकत होते, डोळ्यात धूर गेला होता आणि कोणाशीही गोड बोलायची माझी ताकद राहिली नव्हती.

ह्यांनी जेवताना पाहुण्यांपुढं ओटीची गोष्ट रंगवून सांगितली. झालं. त्यातल्या एका बाईनं धरलंच मला. काकू, आज भरा ना, आम्हाला व्हिडिओ काढायचा आहे. मी म्हटलं, अजून पूर नाही, नुसतं पाणी वाढलंय. ती म्हणाली, पण दिसतं किती छान. मग बाकीचेही मागं लागले. हे तर आधीच नारळ शोधायला गेले होते.

म्हातारी तिथंच जाळं सांधत बसली होती. ती उठून माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, “आत्ता नोका भरू, बाई. पानी चढ्यावर हाय. आत्ता भरली तं लई वेळ बसा लागते.”

मी ऐकलं. ऐकलं नाही असं नाही. पण माझ्या डोक्यात एवढंच होतं की पाच मिनिटांचं काम आहे, करून टाकावं, म्हणजे ही माणसं गप्प होतील आणि मला चहा टाकता येईल. नाही म्हणायलासुद्धा अंगात त्राण लागतं, आणि ते त्या दिवशी माझ्यात नव्हतं. मी हातपाय धुतले, पदर खोचला आणि ओटी भरली. त्या बाईनं मला दोनदा करायला लावलं. पहिल्या वेळी म्हणे माझा चेहरा नीट आला नव्हता. दुसऱ्या वेळी नारळ नव्हता, म्हणून रिकामे हात नुसतेच पाण्यावर धरले. म्हातारी हे सगळं बघत होती. गोणपाट आणून काठावर अंथरलं आणि माझ्यासाठी अर्धं मोकळं ठेवून बसली.

मी तिच्याजवळ दहा मिनिटं बसले असेन. मग केबिनमधून भज्यांची हाक आली आणि मी उठले. पाठ वळवून उठले.

उजेड अजून चांगला होता तेव्हा गावातून फोन आला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, नदीकाठ रिकामा करा, गावातले खालच्या आळीचे लोक शाळेत जाऊन राहिलेत. एकदम धांदल उडाली. पाहुणे आपापल्या गाड्यांत बसून निघालेसुद्धा, भजी तशीच ताटात. आम्ही तंबू सोडवले, गॅस आत घेतला. त्याच महिन्यात सहा नव्या गाद्या घेतल्या होत्या. ह्यांनी त्या एकावर एक आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर कोंबल्या, छतापर्यंत. पाणी तोवर सगळ्यात खालच्या तंबूच्या खुंट्यांना लागलं होतं. भराभरा येत नव्हतं, हळूहळू येत होतं, म्हणून भीती वाटली नाही.

म्हातारी अजून बसलेली होती, फक्त गोणपाट थोडं मागं सरकलं होतं. मी गाडीत बसले, काच खाली केली आणि ओरडून म्हटलं, मावशी, चला, शाळेत सोडते. मी गाडीतून उतरले नाही. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, कारण माणूस आपल्या बाजूनं गोष्ट सरळ करून घेतो. मी उतरले नाही आणि मागच्या सीटवर गाद्या होत्या. तिनं मान न वळवता हात हलवला.

“तुमी जा, बाई,” ती म्हणाली. “मी हाय.”

मला वाटलं, ती भिडस्तपणानं म्हणते आहे. मला वाटलं, पुतण्या येईल आणि घेऊन जाईल. मला वाटलं, जन्म गेला हिचा नदीवर, हिला मी काय शिकवणार. थकलेल्या माणसाला जे सोयीचं असतं ते सगळं मला वाटलं. रस्त्यात ह्यांनी एकदा विचारलं, ती जाईल ना? मी म्हटलं, जाईल. घरी येऊन गादीला पाठ टेकली ती मेल्यासारखी झोपले.

सकाळी सहाला फोन वाजला. पुतण्या होता. आवाज अगदी रोजचा, चहा पिता पिता बोलावं तसा. त्यानं विचारलं, “बाई, मोठी माय उठली काय?”

मला काही कळेना. मी म्हटलं, कुठून उठली? तो म्हणाला, तुमच्याकडेच झोपली ना? अंधार पडल्यावर तो डोंगा हलवायला झोपडीकडं गेला, तर झोपडीत पाणी शिरलेलं आणि आत कोणी नाही. पलीकडच्या वावरातल्या कोणीतरी त्याला सांगितलं की म्हातारीला बाईच्या गाडीपाशी बोलताना बघितलं. तो धरून चालला की मी तिला वर्ध्याला घेऊन गेले. बाईनं नेलं म्हणजे काळजी मिटली, असं म्हणून तो रात्री शाळेत निर्धास्त झोपला. आणि मी इथं, पुतण्यानं नेलं म्हणून. दोघांनी एकमेकांच्या भरवशावर त्या बाईला पाण्यावर ठेवून दिलं होतं.

मी ह्यांना हलवून उठवलं. गाद्या अजून गाडीतच होत्या, त्या ओढून अंगणात फेकल्या, पावसात.

गावाच्या अलीकडे नाल्याच्या पुलावरून पाणी जात होतं. पोलिसांनी गाड्या अडवून ठेवल्या होत्या. आम्ही गाडी सोडून वावरांतून, चिखलातून चालत, लांबचा वळसा घालून उंचावर पोचलो. तिथून आमची जागा दिसायची. दिसायची म्हणजे आता काही दिसत नव्हतं. झोपडी नव्हतीच. केबिनचे वरचे पत्रे पाण्याच्या पातळीला आले होते आणि मध्ये बाभळीचे शेंडे, त्यांच्या आड टाकीचा नुसता माथा. पुतण्या तिथं उभा होता, ओलाचिंब. मला बघून त्यानं एक शब्द दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्यानं दोनदा डोंगा घालून पाहिला होता, दोन्हीदा धारेनं परत फेकला. बचाव पथकाची रबरी बोट निघाली होती, पण ती दुसऱ्या गावाला अडकलेली होती.

आम्ही तिथं दुपारपर्यंत उभे राहिलो. ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तशी मी ह्यांच्यावर तुटून पडले. तुमची केबिन, तुमची पाटी, तुमचे व्हिडिओवाले, सगळं काढलं. हे खाली मान घालून ऐकत राहिले. मग मलाच माझी लाज वाटली, कारण गाडीची काच तर मी खाली केली होती. मी कचऱ्याकडं बघू लागले. दुसरं काही सुचतच नव्हतं. कापसाच्या पऱ्हाट्या, एक प्लास्टिकची खुर्ची, मेलेलं वासरू, सगळं काठाला घासत चाललं होतं. अजून चढतच होतं.

उन्हं कलायला लागल्यावर बोट आली. पुतण्या तिच्यात बसून गेला. बराच वेळ काही नाही. मग पलीकडून शिट्टी वाजली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बोट परत येत होती, आणि पुतण्याच्या मांडीवर एक बोचकं होतं, आणि बोचक्याचा हात हलत होता.

ती टाकीच्या सांगाड्यावर सापडली. पाणी जसजसं चढलं तसतशी ती नदीकडं तोंड ठेवून मागं सरकत गेली होती, काठावरून तंबूपाशी, तंबूपासून केबिनच्या ओट्यावर, आणि ओटा बुडाला तेव्हा लोखंडी पायऱ्या चढून टाकीला बिलगली. पंचाहत्तरीची बाई. रात्रभर आणि अर्धा दिवस. अंग बर्फासारखं, ओठ काळेनिळे. मला ओळखलं की नाही माहीत नाही. तिनं पुतण्याला फक्त विचारलं, पाणी फिरलं काय? त्यानं हो म्हटलं. खोटं होतं ते, पण तिनं डोळे मिटले.

तिला वर्ध्याला दवाखान्यात ठेवलं. छातीत कफ भरला होता. पहिले चार दिवस डॉक्टर काही धड सांगत नव्हते. मी रोज डबा घेऊन जायचे. ती दोन घास खायची आणि झोपायची. तिकडं हे मजूर लावून गाळ उपसत होते, रात्री येऊन केबिन पुन्हा कशा उभ्या करायच्या ते सांगत होते. त्या व्हिडिओवाल्या बाईनं तो व्हिडिओ मला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, खूप सुंदर अनुभव, काकू. मी तो पूर्ण बघितला. मागे कोपऱ्यात म्हातारी गोणपाट अंथरत होती.

पाचव्या दिवशी तिला जरा हुशारी आली. उशीला टेकून बसली, चहा मागितला. पुतण्या औषधं आणायला खाली गेला होता. मला आता राहवेना. मी तिला विचारलं, मावशी, तुम्ही का नाही आलात? कोणी बघायला नव्हतं तिथं. उठला असता तर कोणी काही म्हणालं नसतं.

ती म्हणाली, ओटी भरली होती ना. भरायला सवाष्ण लागते, बसायला कोणीही चालतं. तुमी गेल्या, मग मी बसली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखादीला बाहेर जावं लागलं म्हणून शेजारणीनं तिचं दूध तापवून ठेवावं, तसं सांगत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, मावशी, ती ओटी खरी नव्हती हो. त्या लोकांना व्हिडिओ पाहिजे होता. मी थकले होते, मला चहा टाकायचा होता, म्हणून भरली. दुसऱ्या वेळी तर हातात काही नव्हतंच, तुम्ही बघत होता. माझ्या मनात नदी नव्हती, काही नव्हतं. मी बोलत गेले आणि रडत गेले, बाजूच्या खाटेवरची बाई वळून बघू लागली.

तिनं मला पुरतं बोलू दिलं. कप खाली ठेवला. मग माझ्याकडं बघितलं, एवढी शिकलेली बाई आणि हे कळू नये, असं काहीसं त्या बघण्यात होतं.

“ते मले दिसलं होतं,” ती म्हणाली. “पन नदीले कसं मालूम पडन, बाई?”

एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळून दिली. पाठीचा एक एक मणका हाताला लागत होता. मग ती कुशीवर वळली आणि झोपून गेली, तोंड माझ्याकडं करून.

संध्याकाळी पुतण्या म्हणाला, बाई, तुमी घरी जा, मी हाय. मी त्याला घरी पाठवलं. मग ह्यांना फोन केला की आज मी येत नाही, भात करून घ्या. का, काय झालं, तब्येत बिघडली काय तिची, हे विचारत राहिले. मी सांगितलं, नाही, बरी आहे. मी बसते आहे.